मांडीच्या हाडावरचा लाल ठिपका

आमच्या जाळीमास्तरांनी उभ्या जन्मात कधी माशी मारली नाही, पण हाडं मात्र ते रोज दोन-तीन तरी मोडत. एक सकाळच्या चहाच्या आधी, एक जेवणानंतर, आणि काम तुंबलं असेल तर घरी जाता जाता एखादं. सव्वीस वर्षं हा उद्योग चालला होता आणि एवढ्या वर्षांत ‘आई गं’ म्हणून कुणी ओरडल्याचं त्यांच्या कानावर आलं नव्हतं, कारण ही सगळी मोडतोड कॉम्प्युटरच्या पडद्यावर होत असे.

संस्थेचं ग्रंथालय मी सांभाळतो. समोरच्या दारावर ‘अस्थि-प्रतिमान कक्ष’ अशी पाटी आहे, पण ती वाचून आत गेलेला माणूस मी पाहिलेला नाही. सगळे त्याला हाडांची खोली म्हणतात. खोलीला एक खिडकी, खिडकीसमोर भिंत, आणि कोपऱ्यात कपाटाएवढा मोठा कॉम्प्युटर. तो इतका घरघरतो की आत बसणाऱ्याला थोडं मोठ्याने बोलायची सवय लागते. मास्तर बाहेरही तसेच बोलत. त्यामुळे हळव्या गोष्टी त्यांच्या तोंडी शोभत नसत. ‘बरं वाटत नाही’ हेसुद्धा ते दवंडी पिटल्यासारखं सांगायचे.

काम काय, तर शेजारच्या रुग्णालयातून स्कॅन यायचा. म्हणजे पावाचे काप करावेत तसे माणसाच्या मांडीचे पाच-सहाशे काळेपांढरे काप. त्यावर नाव नसे, फक्त नंबर. मास्तर प्रत्येक कापातून हाडाची कड कोरून काढत आणि काप एकावर एक रचून हाड उभं करत. मग त्यावर जाळी पसरायची. जाळी म्हणजे अख्ख्या हाडाचे लाखो चिमुकले तुकडे, एकमेकांना चिकटलेले. स्कॅनमध्ये पांढरा दिसला तो तुकडा टणक, करडा दिसला तो मऊ. खालून हाड घट्ट धरायचं, वरून माणसाचा भार टाकायचा आणि कॉम्प्युटरला विचारायचं की बाबा रे, कुठला तुकडा किती दबला आणि कुठला किती ताणला गेला? उत्तर रंगात येई. निळं म्हणजे निवांत, पिवळं म्हणजे कुरकुर, लाल म्हणजे हद्द. हद्दीचा आकडा शंभर. शंभराच्या वर गेलेल्या तुकड्याला तो भार पेलायचा नाही, तिथून हाड मोडायचं.

एवढं तर शिकलेला कुणीही करेल. मास्तरांचं नाव होतं ते खोट्या लालसाठी. जाळीच्या तुकड्याला कुठे टोकेरी कोपरा आला, की ताण तिथे उगाचच गोळा होतो आणि धडधाकट हाडावर लाल ठिपका उमटतो. हाडाला काही झालेलं नसतं, जाळीच चुकलेली असते. हा ठिपका खरा की खोटा, हे मास्तर खुर्चीत मागे रेलून, डोळे बारीक करून सांगत, आणि सांगितलेलं सहसा बरोबर निघे. नव्या लोकांना मात्र ते रीतसर परीक्षा शिकवत. जाळी बारीक करा, पुन्हा विचारा. अजून बारीक करा, पुन्हा विचारा. खोटं बोलणाऱ्याला खोदून विचारलं की तो जास्तच रंगवून सांगतो, तसा खोटा लाल प्रत्येक वेळी चढतच जातो. खऱ्याचं तसं नसतं. तो एकदा थोडा चढतो आणि मग एका आकड्यावर बसतो तो बसतोच. ‘मात्र तीनदा विचारायचं,’ मास्तर टेबलावर तीन बोटं आपटून सांगत, ‘दोन उत्तरांत चढलेलाच दिसतो. तो बसला की नाही, हे तिसऱ्याशिवाय कळत नाही.’ आणि तिसरं उत्तर यायला तीन दिवस लागत.

त्या खोलीवर राज्य सरांचं. सर म्हणजे विभागप्रमुख. गोरेपान, हसतमुख, आणि पाहुण्यांचे विलक्षण शौकीन. संस्था बघायला कुणीही येवो, सर त्याला हाडांच्या खोलीत आणणारच. पाहुण्यांना दाखवायचं म्हणून एक हाड कायम तयार असे. कुणातरी अनामिक माणसाची मांडी, सुरेख रंगवलेली, भार टाकला की बरोबर मानेपाशी लाल होऊन मोडणारी. आम्ही त्याला नवरदेव म्हणत असू, कारण बिचारा सदा सजून बसलेला. नवरदेव मोडला की पाहुणे टाळ्या वाजवत आणि सर मान झुकवत. मास्तरांनी कळ दाबलेली असे, पण कळ दाबणाऱ्याकडे कोण बघतो? मास्तरांच्या घरचं सरांना एवढंच माहीत होतं की ते तिथून वेळेवर येतात.

त्या घरातलं खरं माणूस मात्र मास्तरांच्या घरात राहत नव्हतं. ते दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर राहत होतं. ती त्यांची ताई.

मास्तर दोन वर्षांचे असताना आई गेली. ताई तेव्हा चौदाची. तिने त्यांना उचलून डाव्या कडेवर घेतलं आणि पुढची चार वर्षं खाली ठेवलं नाही, असं ती सांगे. तिने शाळा सोडली, शिवणकाम धरलं, वडिलांचं आजारपण काढलं, भावाला कॉलेजात घातलं, त्याचं लग्न लावलं आणि मग स्वतःचं बघायला वेळ मिळाला तेव्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. राहिली ती एक खोली, एक स्वयंपाकघर, पायाने चालवायचं शिवणयंत्र आणि चोपन्न पायऱ्या. लिफ्ट नव्हती. अडुसष्टाव्या वर्षी ती त्या पायऱ्या दिवसातून दोनदा चढायची, आणि मास्तर निम्म्यावर दम खायला थांबले की वरून म्हणायची, ‘बारक्या, घेऊ का कडेवर?’

छपन्न वर्षांच्या, टक्कल पडलेल्या माणसाला कठड्याशी उभं करून ही हाक पूर्ण जिन्यात ऐकू जायची. मास्तर हसायचे. त्या बाईपुढे त्यांचं दुसरं काही चालायचंच नाही.

हिवाळ्यात ताईची डावी मांडी दुखायला लागली. आधी तिने यंत्राला दोष दिला, मग चपलेला, मग भावजयीने आणलेल्या गादीला. चार महिन्यांनी मास्तर तिला जवळजवळ ओढतच हाडांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. स्कॅनमध्ये मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या अंगाला, तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा दिसला. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा काहीच नसेल, किंवा हाडाला चीर पडायला लागल्याची खूण असेल. चीर असेल तर हाड मोडायची वाट न बघता आत धातूची सळई घालून टाकलेली बरी, महिन्याभरात बाई पुन्हा जिना चढतील. पण ताईचं हृदय कमजोर. भूल देण्यातच धोका. उगाच का द्या? तेव्हा तुमच्या खोलीतून आकडा आणा, डॉक्टरबाई म्हणाल्या. शंभराच्या वर असेल तर धोका पत्करू, खाली असेल तर राहू दे.

आपल्या माणसाचं हाड आपण करायचं नाही, असा त्या खोलीचा साधा नियम आहे. मास्तरांनी तो ताईला सांगितलाही. ती म्हणाली, ‘मग काय परक्याला दाखवू माझी मांडी?’ आणि विषय संपला. स्कॅनवर नाव नव्हतंच. एकेचाळीस नंबर पडला आणि हाड मास्तरांच्या टेबलावर आलं. सरांना कुणी सांगितलं नाही, सरांनी कुणाला विचारलं नाही.

मास्तरांनी ते हाड असं कोरलं की तसं त्यांनी दुसरं कोरलं नसेल. इतर हाडांना दोन-तीन तास, याला पाच दिवस. मी एकदा डोकावलो तर म्हणाले, ‘हे बघा, इथे बाहेरून जरा जाड आहे. कडेवर ओझं घेऊन घेऊन.’ मी म्हटलं, कुणाचं ओझं? ते पुन्हा कड कोरू लागले. कुणाच्या हाडावर काम चाललंय हे मला तेव्हा कळलं.

भार टाकला तो जिना चढताना एका पायावर येतो तेवढा. नऊ तारखेला पहिलं उत्तर आलं. सगळं हाड निळं, आणि बाहेरच्या अंगाला, त्या तांदळाच्या दाण्यावर, लाल ठिपका. आकडा एकशे चार.

मास्तरांनी जाळी बारीक केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, एकशे सतरा.

चढला होता. खोटा लाल चढतो, खरा लालही एकदा चढतो. मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं. तीन दिवसांचं काम लावून दिलं आणि घरी गेले. ताईला म्हणाले, आकडा यायचाय. ताई म्हणाली, मुलीच्या पत्रिकेला इतका वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर दारात उभे. उद्या सकाळी मोठे पाहुणे येणार, नवरदेव नव्या रंगात हवा, हाताशी बारीक जाळी हवी, सगळं मशीन मोकळं हवं. मास्तर म्हणाले, एक काम चालू आहे, परवा संपेल. सरांनी विचारलं, कुणाचं? मास्तर म्हणाले, एका रुग्णाचं. सर हसून म्हणाले, ‘रुग्ण कुठे पळून जाणार आहे का? तो तर चालायचाच बंद असेल.’ आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन निघून गेले.

‘ताईचं आहे’ एवढे दोन शब्द मास्तरांनी उच्चारले असते तर बहुधा सरांनी मशीन सोडलं असतं. ते काही कसाई नव्हते. पण मास्तर सव्वीस वर्षांत सरांना कधी नाही म्हणाले नव्हते आणि नियम मोडल्याची भीती वेगळीच. त्यांनी काम बंद केलं. नवरदेव सजवला. पाहुणे आले, नवरदेव मोडला, टाळ्या झाल्या.

त्या दुपारी डॉक्टरबाईंचा निरोप आला, काय झालं एकेचाळीसचं?

मास्तरांपुढे दोन उत्तरं होती आणि तिसरं नव्हतं. आता त्यांनी काय केलं ते नीट सांगायला हवं, कारण यात बेफिकिरी नव्हती, उलट अति विचार होता. ते खुर्चीत मागे रेलले आणि डोळे बारीक केले. मनात म्हणाले, उंचवटा टोकेरी आहे, टोकाशी ताण गोळा होतोच. स्कॅनच्या कापांत असे खवले कितीदा येतात. शिवाय, आणि हा मुद्दा त्यांना फार आवडला, आकडा खरा असता तर ताईचं हाड कालच मोडलं असतं. ती तर रोज चोपन्न पायऱ्या चढते. कालही चढली. आज सकाळीही.

हा मुद्दा एखाद्या विद्यार्थ्याने मांडला असता तर मास्तरांनी त्याला दाराबाहेर उभं केलं असतं. हाड चिनीमातीच्या कपासारखं एका झटक्यात फुटतंच असं नाही, चीर रोज केसाएवढी पुढे सरकते, हे त्यांनीच शेकडो वेळा सांगितलेलं. पण ज्याला विश्वास ठेवायचाच आहे त्याला कारण कुठूनही सापडतं. मास्तरांना ते जिन्यात सापडलं.

त्यांनी पडद्यावरचा तो तांदळाचा दाणा घासून टाकला. खोट्या लालसाठी हेच करतात, टोक गुळगुळीत करायचं आणि पुन्हा विचारायचं. दोन तासांत उत्तर आलं, एकाहत्तर. संपूर्ण हाड आभाळासारखं निळं. मास्तर मला म्हणाले, बघा, टोकाचाच दोष होता. अहवालात एकाहत्तर गेला.

संध्याकाळी ते जिना चढून ताईकडे गेले. तिने यंत्र थांबवलं नाही. म्हणाली, ‘हाड ठणठणीत आहे ना? मग दुखतंय कुणाचं?’

स्नायू असेल, मास्तर म्हणाले. काठी घे थोडे दिवस.

‘काठी तू घे. निम्म्यावर थांबतोस.’ मग दोरा तोडता तोडता, मान वर न करता म्हणाली, ‘एवढं शिकवलं तुला, आज पहिल्यांदा माझ्या उपयोगी पडलास.’

हे वाक्य मास्तरांनी मला दुसऱ्या दिवशी तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा मोठ्याने.

पण माणूस मुळात प्रामाणिक. पाहुणे गेल्यावर दोन दिवसांनी मशीन मोकळं झालं तेव्हा त्यांनी ते अर्धवट राहिलेलं तिसरं काम पुन्हा पहिल्यापासून लावून दिलं. न घासलेलं हाड, सगळ्यात बारीक जाळी. निव्वळ मनाच्या समाधानासाठी, म्हणाले. सतरा तारखेला, दहा वाजून दहा मिनिटांनी, ते संपलं.

मी तेव्हा दारातच होतो, एका पुस्तकाची मुदत संपल्याचं सांगायला आलेलो. पडद्यावर आकडा आला. एकशे एकोणीस.

एकशे चार, एकशे सतरा, एकशे एकोणीस. बसला होता.

मास्तरांनी फोन उचलला. ताईकडे जुनाच फोन, दारालगतच्या भिंतीवरचा. मास्तर उभे राहून ऐकत होते. मला आठवतंय, त्यांनी डावा पाय जमिनीवरून थोडा उचलून धरला होता, जणू तिच्या वाटचा भार त्यांच्याकडे आला होता. घंटा वाजत राहिली. ते पुटपुटत होते, घे, घे, घे. मग त्यांनी ठेवला आणि लगेच पुन्हा लावला.

ताई पाव घेऊन जिना चढत होती. तिसऱ्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर तिला आपल्या दारामागे घंटा ऐकू आली. अडुसष्ट वर्षांची, फोन फारसे न येणारी बाई. कुणीतरी आपल्याला बोलावतंय. घंटा थांबली, ती थांबली. पुन्हा वाजली, तेव्हा तिला वाटलं, काहीतरी तातडीचं असणार, बारक्याला काही झालं नसेल ना. उरलेल्या नऊ पायऱ्या तिने पळत घेतल्या. म्हणजे पाच घेतल्या. सहावीवर डावा पाय टेकला आणि हाड मोडलं, ती पडली. आधी हाड आणि मग ती. उलट नाही. डॉक्टरबाईंनी हे नीट विचारून लिहून घेतलं.

शेजारणीने सांगितलं, हाडाचा आवाज तिला बंद दारातून ऐकू आला. तिला वाटलं, वरच्या मजल्यावर कुणी फळी मोडली.

ऑपरेशन झालं ते झालंच. ज्या हृदयाला सगळे घाबरले होते, त्याने तीन तास घड्याळासारखं काम केलं आणि कुणाची काही तक्रार ठेवली नाही. सळई बसली. पण मोडलेलं हाड आणि मोडायच्या आधी सळई घातलेलं हाड यांत फरक असतो. हे सांधेना. चार महिने, सहा महिने, आठ महिने. तिसऱ्या मजल्यावरची खोली सोडावी लागली. ताई भावाच्या तळमजल्यावरच्या घरात, कपड्यांच्या कपाटाशेजारी आली. शिवणयंत्र पायाने चालवायचं होतं, ते तिच्यासमोर झाकून ठेवलं. भावजय वाईट नव्हती, फक्त दिवसातून दोनदा दमून उसासा टाकायची, आणि ताईचे कान शाबूत होते.

शुद्धीवर आल्याच्या दुसऱ्या दिवशीच तिने विचारलं होतं, ‘तुझ्या मशीनला दिसलं नाही होय रे?’

मास्तर म्हणाले, नाही. अशी चीर कधी कधी दिसत नाही.

‘आणि फोन कुणाचा होता? मेला ऐन वेळी.’

माहीत नाही, मास्तर म्हणाले. रॉंग नंबर असेल.

मला हे त्यांनी ग्रंथालयात येऊन सांगितलं. तेवढं एकदाच ते हळू आवाजात बोलले. मी म्हटलं, सांगून टाका. ते म्हणाले, ती मला हाक मारायची बंद होईल. मी पुस्तकं लावायला लागलो. माझं काय जातं सांगायला?

इकडे सरांचं नशीब उघडलं. मोडायच्या दोन आठवडे आधीचा स्कॅन आणि मोडल्यानंतरचा स्कॅन, दोन्ही एकाच हाडाचे, असं लाखात एखादंच हाती लागतं. सरांनी मशीनमधली सगळी कामं उघडून पाहिली. एकशे चार, एकशे सतरा, एकशे एकोणीस, तारखा-वेळांसकट. लाल ठिपका आणि खरी मोड यांच्यात एका मिलिमीटरचंही अंतर नव्हतं. सर इतके खूश झाले की त्यांनी मास्तरांना मिठी मारली. निबंध छापून आला. नवरदेवाला कपाटात टाकलं. आता पाहुण्यांसमोर एकेचाळीस नंबर मोडू लागला, आणि कळ अर्थातच मास्तर दाबत. महिन्यातून पाच-सहा वेळा. सुरुवातीला ते डोळे मिटून दाबत. पुढे उघडे ठेवून दाबू लागले.

एके दिवशी ताईची रुग्णालयात तपासणी होती. हाड अजून सांधलं नव्हतं. घरी न्यायला गाडी यायला वेळ होता, तेव्हा ती चाकाच्या खुर्चीतून म्हणाली, सव्वीस वर्षं कुठे बसतोस ते तरी बघू. मास्तर म्हणाले, बघण्यासारखं काही नाही, भिंत आहे. ‘भिंत बघते,’ ती म्हणाली. मास्तरांनी खुर्ची आणली आणि मागोमाग सर तीन पाहुण्यांना घेऊन आले. अर्धा तास आधीच. मास्तर खुर्ची वळवायला लागले, तर सरच अगत्याने म्हणाले, अहो राहू द्या, कुणाला घरी पाठवताय, मावशी तुम्हीही बघा, असं बघायला मिळत नाही. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली. मी ग्रंथालयातून येऊन दाराशी उभा राहिलो.

पडद्यावर हाड आलं. निळं, देखणं, सावकाश फिरणारं. ताईने बराच वेळ पाहिलं. मग मास्तरांच्या बाहीला हात लावून हळूच विचारलं, ‘माझं?’

मास्तरांनी मान हलवली.

‘तरुणपणी मला बघायला कुणी फिरकलं नाही,’ ती म्हणाली, ‘आता बघ, तिघं तिघं.’ आणि ती खरंच खुशीत होती.

सर रंगात आले होते. ही एकेचाळीस नंबरची म्हातारी, ते सांगत होते, म्हणजे आमची सोन्याची खाण. हा बघा लाल ठिपका. हाड सतरा तारखेला मोडलं, आमच्या मॉडेलने नऊ तारखेलाच बोट ठेवलं होतं.

पाहुण्यांतल्या बाईंनी विचारलं, मग आधीच सळई का घातली नाही?

सरांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, ‘आमच्या मास्तरांना तो ठिपका खोटा वाटला. घासून टाकला त्यांनी. पण मी त्यांना रागावलो नाही बरं का. त्यांनी खरं सांगितलं असतं तर सळई गेली असती, म्हातारी आज जिने चढत असती, आणि आपल्याकडे दाखवायला काय राहिलं असतं?’

पाहुणे हसले. मास्तरही थोडे हसले. सव्वीस वर्षांची सवय.

‘आणखी गंमत सांगतो,’ सर म्हणाले. ‘शेवटचं उत्तर आलं दहा वाजून दहाला. म्हातारी पडली सव्वादहाला. रुग्णालयाच्या कागदावर लिहिलंय, फोन घ्यायला जिन्यात पळाली म्हणून. कोण होता तो, देव जाणे. त्याचे आभार मानायचे राहिलेत.’

मास्तरांनी कळ दाबली. दुसरं काही सुचलं नसेल. हाडावर भार आला, ते किंचित वाकलं, बाहेरच्या अंगाला पिवळं झालं, मग लाल, आणि ठिपक्यातून चीर आडवी धावत गेली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

ताई पडद्याकडे बघत होती. कॉम्प्युटर घरघरत होता. दहा वाजून दहा, आणि सव्वादहा. एवढा हिशेब करायला तिला शाळा लागणार नव्हती.

‘बारक्या,’ ती म्हणाली, ‘अजून एकदा.’

मास्तरांनी हाड पुन्हा उभं केलं आणि मोडलं.

‘अजून एकदा.’

सरांना कौतुक वाटलं. मावशींना गोडी लागली, ते पाहुण्यांना म्हणाले. मास्तरांनी तिसऱ्यांदा मोडलं. मग चौथ्यांदा. पाहुण्यांच्या टाळ्या दुसऱ्या वेळीच थांबल्या होत्या. मास्तरांचं टक्कल घामाने चमकत होतं आणि दर वेळी ते कळीवर बोट ठेवून ताईकडे बघत, आणि ती दर वेळी मानेने हो म्हणत असे. पाचव्या वेळेनंतर तिने हात वर केला. पुरे.

सरांनी वाकून विचारलं, काय मावशी, कसं वाटलं?

‘छान आहे,’ ताई म्हणाली. ‘आवाज नाही याला. मोडतानाचा आवाज घाला. फळी मोडल्यासारखा असतो.’

सरांनी क्षणभर विचार केला. कल्पना त्यांना मनापासून पटली.

‘मास्तर,’ ते म्हणाले, ‘लिहून घ्या.’

मास्तरांनी खिशातलं पेन काढलं आणि लिहून घेतलं.